ही कोण? अकरा चित्रांना हालचाल देतानाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका चित्रकर्तीने एका चित्रकथेसाठी अकरा चित्रं काढली होती. शाईची रेघ, तिच्यावर जलरंगाचे पातळ थर, खरखरीत जाड कागद. गोष्ट अगदी थोडक्यात सांगता येते. नदीकाठी एक म्हातारी होडीची वाट बघत बसलेली असते, संध्याकाळ होते, पाऊस येऊन जातो, आणि रात्री कंदील लावलेली होडी येते. या चित्रांचं प्रदर्शन ठरलं तेव्हा आयोजकांनी विचारलं, की याच चित्रांचा अडीच-तीन मिनिटांचा लघुपट करून त्याच दालनात मोठ्या पडद्यावर दाखवता येईल का? हातात पाच आठवडे होते.

काम करणारे आम्ही तिघं. चित्रकर्ती, जिला मी इथे ताई म्हणेन, कारण एरवीही तेच म्हणतो. ध्वनी सांभाळणारा एक मित्र. आणि संकलन करणारा मी. ओळख पटू नये म्हणून गोष्टीतले आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत. निर्णय ज्या क्रमाने झाले, तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. मूळ चित्रं त्याच दालनात भिंतीवर लागणार होती. पडद्यावर जे दिसेल ते दहा पावलं चालून कुणीही कागदावर ताडून बघू शकत होतं.

अडचण

पहिल्या आठवड्यात मी उत्साहाच्या भरात तिसरं चित्र एका इमेज-टू-व्हिडिओ मॉडेलला, म्हणजे एका चित्रातून छोटा व्हिडिओ तयार करणाऱ्या एआयला, दिलं. म्हातारी काठावर बसली आहे, तोंड नदीकडे, आपल्याला तिची फक्त उजवी बाजू दिसते. प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला द्यायच्या लेखी सूचनेत, मी चित्राचं वर्णन लिहिलं आणि शेवटी ‘हळुवार हालचाल’ एवढंच जोडलं. पाच सेकंदांची क्लिप आली. पाणी हललं, पदर हलला, आणि मग म्हातारीने मान वळवून आमच्याकडे बघितलं. किंचित हसलीसुद्धा.

मित्राने टाळी वाजवली. मलाही भरून आलं, हे कबूल करतो. कागदावरचं माणूस आपल्याकडे वळून बघतं तेव्हा छातीत काहीतरी हलतंच. ताई मात्र गप्प होती. तिने क्लिप पुन्हा लावायला सांगितली, शेवटच्या फ्रेमवर थांबवली आणि विचारलं, “ही कोण?”

मग तिने सांगितलं. अकरा चित्रांपैकी एकातही म्हातारीचा पूर्ण चेहरा दिसत नाही. कुठे पाठ, कुठे एक बाजू, कुठे अंधार. तो निर्णय तिने फार विचार करून घेतला होता: वाचणाऱ्याने त्या जागी स्वतःच्या माणसाचा चेहरा बघावा म्हणून. मॉडेलने पाच सेकंदांत तिथे एक चेहरा बसवला होता. गोड, नीटस, सरासरी. “हा डावा गाल मी कधी काढलेलाच नाही रे,” ती म्हणाली. “लोक म्हणतील मी काढला.”

आमची खरी अडचण तिथे कळली. तोवर मी हालचाल कशी मिळवायची याचा विचार करत होतो. प्रश्न वेगळाच होता: हालचालीबरोबर जे नवं येतं, ते कुणाचं?

मॉडेल हे का करतं, ते थोडं समजून घ्यायला हवं. या पद्धतीत मॉडेल गोंगाटापासून, म्हणजे निव्वळ अस्ताव्यस्त ठिपक्यांपासून, सुरुवात करतं आणि टप्प्याटप्प्याने त्यातून फ्रेम साफ करत आणतं. आपलं चित्र त्याला पहिल्या फ्रेमचा आधार म्हणून दिलेलं असतं. पुढच्या फ्रेममध्ये काय असावं, याचा अंदाज ते शिकताना पाहिलेल्या असंख्य व्हिडिओंवरून बांधतं. त्यातले बहुतेक कॅमेऱ्याने घेतलेले असतात. तिथे माणसं वळतात, पापण्या मिटतात, कॅमेरा हळूच पुढे सरकतो. चित्रात न दिसणारी बाजू त्याला माहीत नसते, आणि माहीत नाही म्हणून थांबणं त्याच्या स्वभावात नाही. जे सर्वांत संभवनीय, तेच ते भरतं. ताईच्या चित्रांत नेमकं जे संभवनीय नव्हतं, तेच मोलाचं होतं.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी आम्ही सगळे पर्याय पुन्हा टेबलावर मांडले.

सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे चित्रं स्थिर ठेवून त्यांच्यावरून कॅमेरा फिरवणं, म्हणजे पॅन आणि झूम. यात खोटं काहीच येत नाही. पण ताईलाच ते नको होतं. तिला पाणी वाहताना बघायचं होतं. ती इच्छा मला महत्त्वाची वाटली, कारण हालचाल हवी असं तंत्राच्या मोहाने नाही, तर चित्र काढणारी स्वतः म्हणत होती.

दुसरा मार्ग पॅरॅलॅक्सचा. होडी, काठ, आकाश वेगवेगळ्या लेअरवर कापायचे आणि कॅमेऱ्याबरोबर वेगवेगळ्या वेगाने सरकवायचे. छान खोली येते. अडचण एवढीच की होडी सरकली की तिच्यामागची मोकळी जागा भरावी लागते. ती ताईने हाताने रंगवून दिली तर प्रश्नच नाही, पण चित्रागणिक दोन-तीन तुकडे म्हणजे तिचे बरेच दिवस.

हाताने ॲनिमेशन करण्याचा विचार फार टिकला नाही. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाला बारा चित्रं ही जुनी, रुळलेली रीत आहे. आमच्या दोन मिनिटं चाळीस सेकंदांना १,९२० चित्रं लागली असती.

राहिलं एआय. तिथेही दोन वाटा होत्या. एखाद्या ऑनलाइन सेवेवर चित्रं चढवायची, किंवा खुलं मॉडेल, म्हणजे कुणालाही उतरवून घेता येणारं, घेऊन ते आपल्या ताब्यातल्या मशीनवर चालवायचं. ताईने एका सेवेच्या अटी बसून वाचल्या. चढवलेलं साहित्य सेवा सुधारण्यासाठी वापरलं जाऊ शकतं, हे वाक्य तिने दोनदा वाचलं आणि नाही म्हणाली. मी वाद घातला नाही. पुस्तक अजून छापून यायचं होतं.

खुल्या मॉडेलांची स्थिती तोवर बरीच सुधारली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टेबल व्हिडिओ डिफ्यूजन आलं तेव्हा ते एका चित्रातून १४ किंवा २५ फ्रेम देत होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अलीबाबाने खुलं केलेलं वान २.१ सेकंदाला १६ या हिशेबाने ८१ फ्रेम देतं, म्हणजे पाच सेकंद. आम्ही घेतलेलं मॉडेल याच घडणीचं होतं. ते भाड्याच्या जीपीयूवर, म्हणजे अशी मॉडेलं चालवू शकणाऱ्या ताकदवान चिपवर, चालवलं आणि काम झालं की तिथल्या फाइल पुसल्या.

पहिला निर्णय: न दिसलेली बाजू दाखवायची नाही

ताईच्या ‘ही कोण?’मधून आम्ही एक नियम काढला आणि भिंतीवर चिकटवला: चित्रात जो पृष्ठभाग दिसत नाही, तो हालचालीने उघडा करायचा नाही.

हा नियम ऐकायला बंधनासारखा वाटतो, पण त्याने काम फार सोपं केलं. पाणी वाहतं तेव्हा नवी बाजू उघडत नाही. धूर, पाऊस, गवत, कापडाची हलकी सळसळ, उजेडाची चढउतार, यांतही नाही. मान वळली, तोंड उघडलं, मूठ सुटली, कॅमेरा होडीला वळसा घालून गेला, की लगेच मॉडेलला काहीतरी रचावं लागतं. दात, बोटं, दुसरा गाल. एआय व्हिडिओत जे ठिकठिकाणी फसतं, त्यातलं बरंच या दुसऱ्या यादीत मोडतं असं माझं निरीक्षण आहे. त्यामुळे प्रामाणिकपणासाठी केलेला नियम दर्जासाठीही उपयोगी ठरला.

मग आम्ही अकराही चित्रांसमोर बसलो. ताई प्रत्येक चित्रावर बोट ठेवून सांगत गेली, “हे हलेल. हे नाही.” मी पेन्सिलीने प्रिंटवर खुणा करत गेलो. दीड तास लागला. दोन चित्रं तिने अजिबात हलू दिली नाहीत. पाऊस थांबल्यानंतरचं एक, आणि शेवटचं.

प्रॉम्प्टही बदलले. आधी मी चित्राचं वर्णन लिहीत होतो, जे निरर्थक होतं; चित्र मॉडेलसमोर असतंच. आता फक्त हालचाल लिहायची: पाणी डावीकडून उजवीकडे, संथ, कॅमेरा स्थिर, तिवईवर. ‘म्हातारीने हलू नये’ असं लिहिणं धोक्याचं असतं, कारण म्हातारी आणि हलणं हे दोन्ही शब्द त्यात येतात. ‘ती निश्चल बसून आहे’ हे जास्त चालतं. तरीही ते दर वेळी चालेल असं नाही.

दुसरा निर्णय: मॉडेलचं फक्त पाणी घ्यायचं

स्थिर कॅमेरा आणि नेमका प्रॉम्प्ट देऊनही चेहरे बिघडत होते. सहाव्या चित्रात म्हातारी दूर उभी आहे. मॉडेलला दिलेल्या ७२० पिक्सेल उंचीच्या चित्रात तिचा चेहरा जेमतेम २४ पिक्सेल रुंद होता. अशी मॉडेलं थेट पिक्सेलवर काम करत नाहीत. चित्र आधी आकसलं जातं. वान २.१ मध्ये आठ बाय आठ पिक्सेलचा चौकोन आतल्या नकाशातलं एक घर होतो, आणि पहिली सोडली तर चार-चार फ्रेम मिळून एक होते. चोवीस पिक्सेलचा चेहरा म्हणजे तीन घरं. ताईने तिथे पेनच्या एका वळणात हनुवटी काढली होती. तीन घरांत ते वळण मावत नाही. दर फ्रेमला हनुवटी किंचित वेगळी यायची आणि चेहरा मेणासारखा पाझरायचा.

मोठ्या मापात चालवून पाहता आलं असतं. मी वेगळं केलं. मूळ चित्रं ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या मापाने, स्कॅन केलेली होती. ए-फोर कागद म्हणजे ७,०१६ बाय ४,९६० पिक्सेल. उंचीत मॉडेलच्या फ्रेमच्या जवळजवळ सातपट. मग सबंध फ्रेम मॉडेलकडून घ्यायचीच कशाला? तळाशी मूळ स्कॅन ठेवला, वर मॉडेलची क्लिप, आणि मास्क, म्हणजे कुठला भाग दिसावा आणि कुठला झाकावा हे ठरवणारा आकार, आखून तिच्यातलं फक्त पाणी उघडं ठेवलं. म्हातारी, होडी, काठ, झाडं, सगळं ताईच्या हातचं. मॉडेल कितीही चेहरा बिघडवो, तो मास्कखाली झाकलेलाच राहतो.

यात तीन गोष्टींनी दमवलं. पहिली रंगाची. मॉडेलमधून गेलेली फ्रेम मूळ चित्राशी तंतोतंत जुळत नाही. जरा गडद, जरा भडक येते, आणि क्लिप पुढे जाते तशी ती भडकत जाते. मास्कच्या कडेला शिवण दिसायची. क्लिपची पहिली फ्रेम आणि मूळ स्कॅन शेजारी ठेवून रंग जुळवले, तीच दुरुस्ती सबंध क्लिपला लावली, शेवटच्या सेकंदासाठी थोडी वेगळी.

दुसरी कागदाची. खरखरीत कागदाचा पोत स्कॅनमध्ये येतो, आणि मॉडेलला तो पाण्याचाच भाग वाटतो. पाण्याबरोबर कागदही वाहायला लागायचा. ते बघताना अक्षरशः मळमळल्यासारखं होत होतं. उपाय ताईने दिला. तिच्याकडे त्याच गड्डीतला एक कोरा कागद उरला होता. तो आम्ही स्कॅन केला. मॉडेलला देण्याच्या प्रतीत पाण्याचा भाग किंचित धूसर करून पोत काढून टाकला, आणि परत आलेल्या पाण्यावर कोऱ्या कागदाचा स्कॅन मल्टिप्लाय करून ठेवला, म्हणजे त्याचा पोत खालच्या पाण्यात मिसळून दिसेल असा. आता पाणी वाहत होतं आणि कागद जागच्या जागी होता. पाच आठवड्यांत मला सर्वांत जास्त आनंद झाला तो या क्षणी.

तिसरी वेळेची. सेकंदाला सोळा फ्रेमच्या क्लिपला चोवीसचं करायला मधल्या फ्रेम तयार करणारी साधनं आहेत, आणि मी ती लावलीही. पाणी लोण्यासारखं गुळगुळीत झालं आणि चित्र हाताने काढलेलं वाटेना. मग उलट केलं. सेकंदाला बाराच फ्रेम ठेवल्या, चोवीसच्या टाइमलाइनवर प्रत्येक फ्रेम दोनदा. ८१ फ्रेम पाचऐवजी पावणेसात सेकंद चालल्या, नदी संथ झाली, आणि त्या बारीक थबकण्यात हाताची जाणीव परत आली. त्याहून लांब शॉट हवा असेल तिथे शेवटची फ्रेम पुन्हा मॉडेलला देऊन क्लिप वाढवली नाही. त्यात रंगाची आणि रेषेची भेसळ दर फेरीला साचत जाते. त्याऐवजी त्याच पाण्याच्या दोन प्रती मागेपुढे ठेवून एकीतून दुसरीत विरघळवल्या. माणसाच्या चेहऱ्यावर हे चालत नाही, पाण्यावर चालतं.

जिथे एआय काढून टाकलं

कंदिलाचं चित्र आम्हाला वाटलं होतं सर्वांत सोपं जाईल. ताईने कंदील म्हणजे पिवळ्याचा एक ओला ठिपका ठेवला आहे, कडेला तो निळ्यात फुटलेला. मॉडेलने दर वेळी त्याची खरी ज्योत केली: चकाकणारी, लेन्समध्ये उजेड पसरावा तशी. एकूण शैलीच तिथे चित्रावरून छायाचित्राकडे घसरत होती. वीसेक प्रयत्नांनंतर मी ते सोडलं. पिवळ्या ठिपक्याभोवती मऊ मास्क घेतला आणि त्याचा उजेड हाताने कमी-जास्त केला, अनियमित, सेकंदाला एक-दोन वेळा. अर्ध्या तासाचं काम. या चित्राला एआयची गरजच नव्हती, हे मला वीस क्लिपआधी कळायला हवं होतं.

शेवटी हिशेब असा झाला: पाच चित्रांत मॉडेलची हालचाल, तिघांत ताईने मागचे तुकडे रंगवून दिलेला पॅरॅलॅक्स, एकात हाताने केलेला उजेड, दोन पूर्ण स्थिर. ध्वनी मित्राने आठवड्याभरात बसवला. स्थिर चित्रांवर त्याने पाण्याचा आवाज चालू ठेवला, आणि तो निर्णय सर्वस्वी त्याचा होता.

निकाल

लघुपट वेळेत लागला. पडद्याशेजारी एक पाटी लावली, तिचा मजकूर ताईने लिहिला: चित्रं हाताने काढलेली आहेत, पाणी, पाऊस आणि गवताची हालचाल एआय वापरून केली आहे, माणसांना हात लावलेला नाही. आयोजकांना आधी पाटी नको होती. लोकांचा रस जाईल असं त्यांना वाटलं. झालं असं की लोक पाटी वाचून भिंतीकडे जात, पाणी कुठलं आणि कागद कुठला ते शोधत, आणि परत येऊन बसत. मूळ चित्रांसमोर इतका वेळ उभे राहिलेले लोक मी ताईच्या आधीच्या प्रदर्शनात पाहिले नव्हते.

एक चूक मात्र उद्‌घाटनाच्या दिवशीच उघडी पडली. नवव्या चित्रात होडी खुंटाला दोराने बांधलेली आहे. दोराचा खालचा भाग पाण्यात असल्याने मी तो मास्कमध्ये मॉडेलकडे सोडला होता, आणि मास्कची कड थोडी वर, गाठीपर्यंत गेली होती. पाचव्या सेकंदापासून गाठ सैल होत होत खुंटात विरून जाते. बांधलेली होडी न बांधलेली होते. आम्ही तिघांनी ती क्लिप कितीतरी वेळा पाहिली होती. लक्षात आणून दिलं एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने. ती भिंतीवरचं चित्र बघून आली आणि तिने ताईला विचारलं, “होडी सुटली का?” ताईचा चेहरा उतरला. तिच्या गोष्टीत होडी बांधलेली असणं हाच मुद्दा होता: होडी परतून आली आहे, आता ती जाणार नाही.

त्याच रात्री मास्क खाली घेतला. दहा मिनिटं लागली, आणि रेंडरला, म्हणजे अंतिम व्हिडिओ तयार व्हायला, आणखी थोडा वेळ. पहिल्या दिवशीच्या लोकांनी मात्र सुटलेली होडी पाहिली.

पुन्हा करायचं झालं तर

गाठ का निसटली, याचा मी बराच विचार केला. आम्ही प्रत्येक क्लिप चालवून बघत होतो. चालत्या चित्रात नजर हालचालीमागे जाते, आणि हळूहळू होणारा बदल तिला जाणवत नाही. आता मी प्रत्येक क्लिपची पहिली आणि शेवटची फ्रेम शेजारी ठेवतो, दोन्हींमधला फरक काढून पाहतो, आणि जिथे बदल व्हायला नको तिथे झाला आहे का ते तपासतो. आणि तपासणारा माणूस ती क्लिप न केलेला असावा. त्या मुलीने एका नजरेत जे पाहिलं ते आम्हाला दिसलं नाही, कारण आम्ही पाण्यावर खूश होतो.

‘हे हलेल, हे नाही’ ही बैठक पहिल्या दिवशी व्हायला हवी होती. तिच्याआधी गेलेला आठवडा मी मॉडेल काय करू शकतं हे बघण्यात घालवला, आणि त्या क्लिप मनात घर करून बसल्या. मान वळवणारी म्हातारी मित्राला अजूनही आवडते. ताईने त्या दिवशी ‘ही कोण?’ विचारलं नसतं, किंवा ती खोलीत नसती, तर तो शॉट लघुपटात गेला असता, आणि तो सर्वांत जास्त वाखाणला गेला असता, याबद्दल मला शंका नाही. चित्र काढणारं माणूस प्रत्येक क्लिप बघायला हजर असेल, ही अट मी आता काम घेतानाच घालतो. चित्रकार हयात नसेल किंवा भेटणार नसेल, तर माणसांना हात न लावण्याचा नियम मी स्वतःहून पाळतो.

स्कॅनची तयारीही आधी करेन. चित्र सुरू होण्याआधीच कोरा कागद बाजूला ठेवायचा, आणि शक्य असेल तर पाणी आणि होडी वेगळ्या कागदांवर. ताईने पुढच्या चित्रकथेसाठी हे करायला सुरुवात केली आहे. नदीचं एक लांब चित्र तिने नुसतंच रंगवलं आहे, काठ नाही, माणूस नाही, आणि गड्डीतले दोन कोरे कागद त्यासोबत पाकिटात घालून माझ्याकडे पाठवले आहेत.